मांडव्याचा प्रश्न

(हिंगणा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



न्याय हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहतात ते रामशास्त्री प्रभुणे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्रींनी त्याची चौकशी केली, पेशवेपदी आलेल्या राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. घराघरांत ही कथा सांगितली जाते ती निःस्पृहतेचा आदर्श म्हणून, आणि ते योग्यच आहे. परंतु या कथेतील दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही. एक म्हणजे शास्त्रीबोवांनी आधी चौकशी केली आणि नंतर निवाडा दिला. दुसरी म्हणजे ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले ही आख्यायिका. ‘ध’ चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार त्यातूनच आला. कागदावरचे एक अक्षर बदलले की माणसाचा जीव जातो, हे मराठी भाषेने अडीचशे वर्षे जपून ठेवले आहे.

फौजदारी न्यायातील नीतीचा विचार करताना आपण बहुधा न्यायाधीशाच्या आसनाकडे पाहतो. वास्तविक निकालाच्या कितीतरी आधी, पोलीस ठाण्यात लिहिल्या जाणाऱ्या पहिल्या कागदावरच न्यायाची परीक्षा झालेली असते.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा येते. आश्रमाच्या दारात वृक्षाखाली ते मौनव्रत धरून तप करीत होते. राजरक्षक पाठलाग करीत आहेत हे पाहून चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात लपविला आणि स्वतःही तेथेच दडले. रक्षकांनी विचारले, ‘चोर कोणत्या वाटेने गेले?’ मौनात असलेल्या ऋषींनी उत्तर दिले नाही. झडतीत माल सापडला, चोर सापडले आणि ऋषींवरही संशय आला. राजाने सर्वांनाच सुळाची शिक्षा दिली. मांडव्य मात्र सुळावरही जिवंत राहिले. राजाने क्षमा मागितली, सूळ काढण्याचा यत्न केला. तो निघेना, म्हणून बाहेरचा भाग कापून टाकला. आत राहिलेल्या टोकामुळे त्यांना ‘अणीमांडव्य’ हे नाव पडले. चुकीच्या शिक्षेनंतर सुटलेल्या माणसाच्या अंगात त्या शिक्षेचे टोक कायमचे राहते, हे व्यासांनी एका नावात सांगून टाकले आहे.

कौटिल्यालाही मांडव्याचे स्मरण होते. अर्थशास्त्राच्या ‘कंटकशोधन’ या चौथ्या अधिकरणात तो सांगतो की, यातनांच्या भयाने मांडव्याने चोर नसतानाही आपण चोर असल्याचे मान्य केले. म्हणून पुराव्याची पूर्तता झाल्यावाचून दंड करू नये. त्याच प्रकरणात आरोपीला द्यावयाच्या यातनांचे प्रकारही नोंदलेले आहेत, हे लपविण्याचे कारण नाही. पण यातनेतून वदवून घेतलेला शब्द विश्वसनीय नसतो, हे त्या काळच्या दंडनीतीलाही उमगले होते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातील नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे.

मांडव्याची कथा केवळ पुराणातली नाही. ती महाराष्ट्रात घडली आहे.

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ एका पेरूच्या बागेतील झोपडीवर दरोडा पडला. एका कष्टकरी कुटुंबावर अमानुष अत्याचार झाले आणि पाच जणांचे प्राण गेले. मृतांमध्ये एक कोवळ्या वयाची मुलगी होती. कुटुंबातील आई व एक मुलगा तेवढे वाचले. समाज हादरला आणि तसे होणे स्वाभाविकच होते. पुढे भटक्या जमातीतील सहा मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली व तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांची शिक्षाही वाढवून फाशीची केली. तीन न्यायालयांनी दोष मान्य केला. आता शंकेला जागा उरली नाही, असे कोणालाही वाटले असते.

मात्र कागदपत्रांत एक गोष्ट पहिल्यापासून होती. घटनेनंतर दोनच दिवसांनी त्या वाचलेल्या आईला पोलिसांनी सराईत गुन्हेगारांची छायाचित्रे दाखविली होती आणि तिने त्यांतून चार जणांना ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही. काही आठवड्यांनी झालेल्या ओळख परेडमध्ये मात्र या सहांची ओळख पटल्याचे नोंदले गेले आणि खटला त्यावर उभा राहिला.

५ मार्च २०१९ रोजी न्या. ए. के. सिक्री, न्या. एस. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. आरोपी भटक्या जमातीचे व अत्यंत गरीब आहेत, गंभीर गुन्ह्यांत अशा निरपराधांना गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नमूद केले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि दोषी तपास अधिकाऱ्यांवर विभागीय कारवाई करण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. तोवर सोळा वर्षे उलटली होती. यांतील बहुतेक काळ ते फाशीच्या छायेत होते. त्यांच्यापैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही नंतर निष्पन्न झाले.

या प्रकरणात नैतिक निर्णयाचा क्षण कोणता? आईने चार छायाचित्रांवर बोट ठेवले, तो क्षण. तपास अधिकाऱ्यावर दडपण असते. जनक्षोभ असतो, वरिष्ठांचे दूरध्वनी येत असतात, वृत्तपत्रांना ‘आरोपी गजाआड’ हा मथळा हवा असतो. अशा वेळी हाती आलेल्या संशयिताशी न जुळणारा पुरावा त्याला नकोसा वाटू लागतो. त्या पुराव्याचा पाठपुरावा करणे हीच त्याची धर्मपरीक्षा असते. त्यात तो अनुत्तीर्ण झाला तर पुढचा सरकारी वकील, न्यायाधीश आणि तुरुंगाधिकारी आपापले काम चोख करूनही अन्यायाचे वाटेकरी ठरतात. पीडित कुटुंबाच्या पदरी तरी काय पडले? त्यांच्या पाच माणसांना कोणी मारले, या प्रश्नाचे उत्तर सोळा वर्षांनंतरही मिळाले नाही. निरपराध्याला शिक्षा झाली की खरा गुन्हेगार मोकाट राहतो, हे साधे गणित संतापाच्या भरात विसरले जाते.

एका गोष्टीचा मात्र आदराने उल्लेख केला पाहिजे. फाशीच्या प्रकरणांत पुनर्विलोकन अर्जाची सुनावणी खुल्या न्यायालयात व्हावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला होता. त्यामुळे हे प्रकरण पुन्हा ऐकले गेले आणि ज्या न्यायालयाने २००९ मध्ये फाशी वाढविली होती, त्याच न्यायालयाने आपली चूक दुरुस्त केली. चूक न होणे ईश्वराच्या हाती असेल. चूक मान्य करणे मनुष्याच्या हाती आहे.

आता मांडव्याच्या कथेचा उत्तरार्ध पाहू. सुळावरून उतरलेले मांडव्य थेट धर्मराजाकडे गेले आणि त्यांनी विचारले, ‘माझा अपराध कोणता?’ बालपणी कीटकांना गवताची काडी टोचल्याचे हे फळ, असे उत्तर मिळाले. मांडव्य संतापले. अजाण वयातल्या कृत्याला एवढा दंड! चौदाव्या वर्षापर्यंत केलेल्या कर्माला पातक मानले जाणार नाही, अशी मर्यादा त्यांनी घालून दिली आणि खुद्द धर्मालाच मनुष्ययोनीत जन्म घेण्याचा शाप दिला. तोच विदुर.

ही मर्यादा डोळ्यांआड झाली की काय घडते, याचे उदाहरण नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात होते. १९९४ मध्ये पुण्यात झालेल्या एका सामूहिक हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक कैदी तेथे होता. राजस्थानातील एका शाळेच्या नोंदीवरून घटनेच्या वेळी त्याचे वय साडेबारा वर्षे होते, हे अखेर सिद्ध झाले आणि २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचा आदेश दिला. बालगुन्हेगाराला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ आत होता. गुन्हा भयंकर होता, पीडितांचे दुःख आजही तेवढेच मोठे आहे. तरीही शाळेच्या नोंदवहीतील एक ओळ वेळीच तपासली गेली नाही, ही व्यवस्थेची उणीव होय.

कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला? गुन्हेगाराला जागच्या जागी धडा शिकवावा. या मताची परीक्षाही नागपूरकरांनी पाहिली आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणलेल्या अक्कू यादव या गुंडाला कस्तुरबानगरातील महिलांच्या जमावाने न्यायदालनातच ठार केले. त्याच्या अत्याचारांनी ती वस्ती वर्षानुवर्षे पोळली होती. तक्रारी करूनही दाद मिळत नाही आणि हा आता जामिनावर सुटेल, अशी त्या महिलांची भावना होती. त्यांच्या वेदनेपुढे मान झुकते. पण त्या दिवशी न्यायासन रिकामे ठरले. २०१४ मध्ये या खटल्यातील आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

नाशिक आणि नागपूर ही दोन टोके वाटतात, पण मूळ एकच आहे. नाशिकला साक्षीदाराचे म्हणणे कागदावर येऊनही त्याचा पाठपुरावा झाला नाही. नागपूरला वस्तीचे म्हणणे व्यवस्थेच्या कानी पोहोचलेच नाही, असे त्या महिलांना वाटले. पहिला कागद प्रामाणिक असता, तर एका ठिकाणी निरपराधी फासाच्या छायेत गेले नसते आणि दुसऱ्या ठिकाणी गृहिणींच्या हाती शस्त्र आले नसते.

यात समाजाचाही वाटा आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून जन्मालाच गुन्हा ठरविले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण मनातला कायदा गेला नाही. गावात चोरी झाली की अजूनही पहिली नजर पालावर जाते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी कारागृहांतील जातिभेदावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीपणे अटक होऊ नये, हे पुन्हा सांगावे लागले. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीत पारध्यांची मुले शाळेत शिकतात, तेव्हा त्यांना अक्षरे देण्याबरोबरच त्यांच्याकडे पाहणारी नजर बदलण्याचे काम होत असते. मांडव्य व्रतामुळे मौन होते. पालावरचा माणूस भयाने मौन असतो. त्याच्या मौनाला अपराधाची कबुली समजणे हे पाप आहे.

मग करावयाचे काय? कायद्याने काही वाटा मोकळ्या केल्या आहेत. तपासात जमा झालेली पण खटल्यात न वापरलेली निवेदने व दस्तऐवज यांची यादी आरोपीला मिळावी, असे नियम करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिले. चार छायाचित्रांसारखी गोष्ट दडून राहू नये, हाच त्याचा हेतू. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे. परंतु कॅमेरा कधी सुरू करायचा आणि कधी बंद करायचा, हे माणूसच ठरवतो.

म्हणून शेवटी प्रश्न तुमच्या-आमच्या घरापर्यंत येतो. झडतीच्या वेळी परिसरातील दोन प्रतिष्ठित, निःपक्षपाती नागरिक पंच असावेत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात सुशिक्षित माणूस ‘कोर्टाची झंझट नको’ म्हणून दार लावून घेतो आणि मग ठाण्याच्या आसपासचा, कोणत्याही कागदावर सही करणारा पंच उभा राहतो. हिंगण्यातील शिक्षक, औद्योगिक वसाहतीतील कामगार, शेतकरी, निवृत्त कर्मचारी यांच्यापैकी कोणालाही उद्या पंच म्हणून बोलावणे येऊ शकते. त्याने जावे. वस्तू जेथे सापडली तेथेच सापडली असे लिहिले आहे ना, हे पाहावे. कागद शेवटपर्यंत वाचावा, कोऱ्या जागेखाली सही करू नये, जे पाहिले नाही ते पाहिल्याचे सांगू नये. न्यायालयात साक्षीला बोलावले तर दिवसाचा रोजगार बुडाला तरी जावे. आरोपी पालावरचा असो वा बंगल्यातला, साक्ष एकच असावी.

रामशास्त्री होणे प्रत्येकाच्या नशिबी नसते. पण पंचनाम्यात ‘ध’ चा ‘मा’ होऊ न देणे कोणालाही शक्य आहे. सुळाचे टोक अंगात घेऊन मांडव्याने धर्मालाच जाब विचारला होता. हिंगण्याच्या एखाद्या पंचनाम्यावर आपली सही असेल, तर तोच जाब आपल्यालाही विचारला जाऊ शकतो, याचे भान ठेवून ती सही करावी.