सुतळी, बांध आणि वाटणी

(प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



क्षेत्रफळ आणि परिमिती शिकविण्यासाठी वर्गात कोणते खेळ घ्यावेत, हा आजचा विषय. चळवळीतील काही मित्रांना तो क्षुल्लक वाटला, असे माझ्या कानांवर आले आहे. ज्या देशात वीतभर बांधासाठी दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात, तेथे तो क्षुल्लक कसा, हे मला समजत नाही.

पाचव्या शतकातील ग्रीक भाष्यकार प्रोक्लस याने युक्लिडवरील भाष्यात एक मासलेवाईक गोष्ट नोंदविली आहे. सामाईक जमिनीच्या वाटणीत काही धूर्त लोक इतरांना अधिक परिमितीचा तुकडा देत, स्वतः कमी परिमितीचा पण अधिक क्षेत्रफळाचा घेत, आणि वर प्रामाणिकपणाची कीर्तीही मिळवीत. (समाजवाद्यांनी हा दाखला विशेष ध्यानात ठेवावा.) लांब कुंपण म्हणजे मोठे शेत, हा भ्रम अजून गेलेला नाही.

तो घालविण्यास २४ हात सुतळी पुरते. हाता-हातावर गाठ मारा, टोके जोडा, चार मुलांना कोपरे धरायला लावा. ११ हात लांब व १ हात रुंद शेत केले तर आत ११ चौरस. १० आणि २ चे केले तर २०. ८ आणि ४ चे ३२. ६ आणि ६ चे ३६. सुतळी तीच! सूत्र आधी सांगू नका. खडूने चौरस आखून मुलांनाच मोजू द्या.

पुढचा खेळ वाटणीचा. पुठ्ठ्याचे ३६ चौरस मांडून ६ बाय ६ चे शेत करा. वारस तीन : दोन भाऊ आणि एक बहीण. बहिणीला वगळू नका. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच हक्क दिला आहे, तो निदान पुठ्ठ्यावर तरी मिळू द्या. प्रत्येकाला ६ बाय २ चा पट्टा, म्हणजे १२ चौरस. प्रत्येकाची परिमिती १६, तिघांची ४८. मूळ शेताची होती २४. जमीन तसूभर वाढली नाही, कडा मात्र दुप्पट झाल्या. १९४७ साली मुंबई प्रांताला तुकडेबंदीचा कायदा का करावा लागला, हे मी पदवीच्या वर्गाला तासभर समजावीत असे. पुठ्ठ्याने ते पाच मिनिटांत झाले असते.

आता एका कडेला रस्ता आखा. पट्टे रस्त्याला समांतर असतील, तर चौरस सारखे असूनही मागच्या दोघांची वाट दुसऱ्याच्या शेतातून जाते. मुले येथे हमखास भांडतात. भांडू द्या. निवाडा तुम्ही देऊ नका. पट्टे फिरवून तिघांचीही कड रस्त्याला लावण्याची युक्ती त्यांनाच सापडू द्या.

मग वर्गाबाहेर पडा. ३३ फुटांचा दोर घेऊन मैदानावर ३३ बाय ३३ फुटांचा चौरस आखा : हा एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. शेजारी ६६ बाय साडेसोळा फुटांचा पट्टा आखा. तोही गुंठाच, पण परिमिती १३२ ऐवजी १६५ फूट. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, बोलण्यात गुंठे. आणि आर हा गुंठ्याहून किंचित लहान, सुमारे १,०७६ चौरस फुटांचा. घरचा उतारा आणून मुलांनी हा हिशेब करावा.

मात्र उतारा आणावयास सांगताना एक भान ठेवा. वर्गात भूमिहीनांचीही मुले असतात. त्यांना रिकाम्या हाताने उभे करू नका. त्यांच्या हाती दोर द्या आणि शाळेचे मैदान मोजून घ्या.