माणसांची पारख आणि संगणकाचे दप्तर



कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसले की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथला १९५३ साली सरकारी आयुध कारखाना आणि यंत्रावजारांचा कारखाना निघाला. पुढे अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक वसाहती झाल्या. आसपासच्या खेड्यांतली पुष्कळ मुले आज तेथे कामाला जातात.

लहान कारखान्यात मालक माणसाला नावानिशी ओळखतो. कोणाचा हात लेथवर बसला आहे, नव्या पोराला कोण शिकवू शकेल, हे त्याला वही न उघडता सांगता येते. माणसे दीडशे-दोनशे झाली म्हणजे हे तोंडपाठ ज्ञान पुरे पडत नाही. मग सॉफ्टवेअर विकणारा दारात येतो. भरती, शिक्षण, कामाचे मूल्यमापन, बढती, साऱ्याचा हिशेब आमचा संगणक ठेवील, असे तो सांगतो. शिक्षकबंधुभगिनींना ही वस्तू समजायला अवघड नाही. आपले सेवापुस्तक, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि गोपनीय अहवाल एका दप्तरात बांधून ते संगणकात ठेवले, की झाली ही प्रणाली! ती निवडावी कशी, एवढाच आजचा प्रश्न.

पहिली गोष्ट म्हणजे आपली अडचण आधी कागदावर लिहावी. समजा, एका कारखान्यातले जुने टर्नर पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. त्यांच्या यंत्रावर कोण उभा राहील? हे कळायला साधा तक्ता पुरतो. डावीकडे माणसांची नावे लिहावीत, वर यंत्रांची. प्रत्येक चौकटीत एक ते चार आकडा घालावा. एक म्हणजे शिकतो आहे, दोन म्हणजे मदतीने करतो, तीन म्हणजे एकट्याने करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. हा तक्ता वहीत भरता येत नसेल, तर संगणकात तरी काय भरणार? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

दुसरी गोष्ट परीक्षेची. विकणारा पडद्यावर दाखवतो ती त्याची निवडक, नीटनेटकी उदाहरणे असतात. आपण आपल्याच दहा माणसांचे खरे कागद त्याच्यापुढे ठेवावेत आणि महिनाभर काम करून पाहावे. एकाचे नाव आधारकार्डावर एक आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर दुसरे असेल, तर ते कसे जुळते? साध्या मोबाइलवर, मराठीत किंवा हिंदीत, कामगाराला ते वाचता येते का? कंत्राटी माणसांची नोंद होते का? भाडे माणशी किती, आणि उद्या करार मोडला तर आपल्या नोंदी आपल्या हाती परत मिळतात का? ही उत्तरे लेखी घ्यावीत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यंत्र मोजते ते आपण सांगू तेच. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासननिर्णयानंतर जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्या संगणकाद्वारे होऊ लागल्या. सेवेची वर्षे, अवघड क्षेत्र, पती-पत्नी एकत्रीकरण, गंभीर आजार हे निकष आधी माणसांनीच ठरवले, संगणकाने फक्त क्रम लावला. जी अडचण अर्जाच्या रकान्यात नाही, ती त्याला दिसत नाही.

निकष उघड न ठरवता जुन्या नोंदींवरून यंत्रालाच शिकू दिले, तर धोका वाढतो. ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीने २०१४ पासून नोकरीचे अर्ज चाळणारी प्रणाली बनवायला घेतली. शिकण्यासाठी तिला मागल्या दहा वर्षांतले अर्ज दिले होते, ते बहुतेक पुरुषांचे. तेव्हा ती स्त्रियांच्या अर्जांना कमी गुण देऊ लागली. कंपनीला तो प्रयोग सोडावा लागला, आणि २०१८ मध्ये ही हकीकत वर्तमानपत्रांत आली. म्हणून यंत्राने यादी लावावी, पण नेमणूक व बढती यांवर सही करणारा, आणि कारण सांगणारा, माणूसच असावा.

शेवटी एक कसोटी सांगतो. ज्याची नोंद आहे, त्याला ती दिसते का? देव दत्त यांच्या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी नोकराच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा त्याला कळवला पाहिजे, बरा शेरासुद्धा. कारण न कळवलेल्या शेऱ्यावर दाद मागता येत नाही. तो निकाल सरकारी नोकरांपुरता असला तरी न्याय सर्वांना लागू पडतो. अंबरनाथच्या कारखान्यात पाच वर्षे राबलेल्या मुलाचा आकडा दोनवर अडकला असेल, तर तो का अडकला हे त्याला वाचता यावे, चूक असेल तर दुरुस्त करून घेता यावी, आणि नोकरी सोडताना शिकलेल्या कामाचा दाखला बरोबर नेता यावा. दोन प्रणाली सारख्याच वाटल्या, तर ही सोय जीत आहे ती घ्यावी.

आणि शिक्षकहो, आपले विद्यार्थी आयटीआयकडे किंवा कारखान्याकडे निघाले, की त्यांना एवढे सांगा: माझी नोंद मला दाखवा, असे नम्रपणे पण न भिता विचारायला शिका.