कनवटीच्या जागी काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी दरवर्षी कोणी शिकलेल्या बाई येऊन आपणांस चार विचारांच्या गोष्टी सांगतात. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. म्हणून मी विषयही माझ्या आवाक्यातला घेतला आहे. जिच्या कमरेला पट्टा नाही आणि कपड्याला खिसा नाही, अशा बाईने मोलाची वस्तू अंगावर कशी न्यावी, की ती कोणास दिसू नये आणि आपणांस टोचू नये?

पुरुषांचे पाहा. सदऱ्याला खिसा, पाटलोणीला तीन-चार खिसे, वर कमरेला चांगला जाड पट्टा. मोबाईलसुद्धा ते पट्ट्याला अडकवतात. आपलाही कमरपट्टा असतो, पण तो दागिना. लग्नकार्यात मिरवावा आणि घरी येऊन डब्यात ठेवावा.

आपल्या आज्यांची मात्र सोय होती. माझी आजी नऊवारी नेसत असे. किल्ल्या छल्ल्याला, सुपारी बटव्यात, सुटे पैसे पदराच्या गाठीला आणि मोठी रक्कम कनवटीला, अशी तिची व्यवस्था. लुगड्याचा कमरेशी जो पीळ पडे त्यात नोटेची घडी अशी घट्ट बसे की शेतात दिवसभर वाकून काम केले तरी ती हलत नसे. पुढे आपण पाचवारीत आलो, परकर आला आणि कनवट गेली. तिच्या जागी हातात पर्स आली. पर्स शोभते, पण ती अंगाला धरून राहत नाही. बसमध्ये चढताना एक हात दांडीला, दुसऱ्या हाताला मूल. मग पर्स सांभाळायची कोणी?

माझ्या थोरल्या जाऊबाई आज येथे बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीनेच सांगते. मुलाच्या फीचे आठ हजार रुपये घेऊन त्या बसने निघाल्या होत्या. गर्दीत कोणीतरी पर्सला खालून ब्लेड मारले. उतरून पाहतात तो पर्स काखेत आणि पैसे नाहीत. पैसे गेले ते गेलेच. पण त्यानंतर दोन वर्षे घरातला एकही मोठा व्यवहार त्यांच्या हाती कोणी दिला नाही. "तुला सांभाळता येत नाही," हे एक वाक्य त्यांना उठता-बसता ऐकावे लागले. पुरुषाचा खिसा कापला तर त्याला असे कोणी म्हणत नाही. म्हणून मी म्हणते, हा विषय दिसतो तेवढा लहान नाही. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त आपणांस अर्धे तिकीट झाले. आपण बँकेत जातो, बचत गटाचे हप्ते भरतो, माहेरी एकट्या जातो. तेव्हा कनवटीच्या जागी काहीतरी पाहिजेच.

आता आपण काय काय करतो ते पाहू. पुष्कळजणी पोलक्यात पैसे ठेवतात. उन्हाळ्यात घामाने नोटा भिजतात, आणि चारचौघांत काढायची चोरी. काहीजणी गळ्यात दोरीची पिशवी घालतात. दोरी मानेवर दिसते, आणि हिसका बसला तर मानेलाच बसतो. बाजारात रबरी पट्ट्याचे पाकीट मिळते. ते चालते, पण पुष्कळ वेळा खाली बसले की त्याची गुंडाळी होते आणि आत घामोळे येते.

यापेक्षा आपल्या मापाचा कापडी खिसा घरी शिवावा. कापड जुने, मऊ, सुती घ्यावे. सॅटिन किंवा नायलॉन नको. आठ इंच रुंद आणि तेरा इंच लांब तुकडा कापावा. दोन्ही टोके अर्धा-अर्धा इंच दुमडून शिवावीत. खालून साडेचार इंच वर घडी घालावी आणि दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच माया धरून टीप मारावी. वर तीन इंचांचे झाकण उरते. पाचशेची नोट सुमारे सहा इंच लांब असते. ती न दुमडता आडवी बसते, म्हणून फुगवटा येत नाही. झाकणाला टिचबटण लावावे. चरचर वाजणारी चिकटपट्टी नको, ती गर्दीत सर्वांना सांगते. धातूची चेन नको, ती टोचते.

हा खिसा दोन इंच रुंद सुती पट्टीवर शिवून परकराच्या आतून बांधावा. बारीक नाड्यावर मुळीच नको. यामागे गंभीर कारण आहे. वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ साली दोन वयस्कर स्त्रियांची हकिगत एका वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट बांधल्यामुळे कातडी घासून जखम झाली, ती भरली नाही आणि पुढे तेथे कर्करोग झाला. असे क्वचितच होते, म्हणून घाबरू नका. पण कमरेवर काळा वळ किंवा खाज असेल तर नाडा सैल करा, आणि जखम भरत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. पट्टीखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत, आणि घरी आल्याबरोबर ती सोडली पाहिजे.

जागा कोणती? समोर निऱ्या येतात, तेथे नको. पाठीमागे नको, कारण बसताना रुतते आणि आपल्या नजरेआड राहते. कमरेच्या हाडाच्या किंचित पुढे, उजव्या अंगाला ठेवावा. पाचवारीचा पदर उजवीकडूनच वर जातो, त्यामुळे त्याच्या आडून हात घालता येतो. सलवार घालणाऱ्या मुलींना कोणतीही बाजू चालेल, वरून कुडता असतोच.

शिवला की लगेच प्रवासाला निघू नका. एक दिवस घरातच बांधून वावरा. धान्य निवडायला मांडी घाला, केर काढा, जिना चढा, पोराला कडेवर घ्या. सरकला, दिसला किंवा टोचला तर जागा बदला. प्रत्येकीचे अंग वेगळे, म्हणून शेजारणीला सोयीचे ते आपल्याला होईलच असे नाही.

माझी भाची अमेरिकेत टेक्सास राज्यात असते. तेथे २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला, कायद्याची मनाई नसेल तर, परवान्यावाचूनही पिस्तूल जवळ बाळगता येते. बायकाही बाळगतात, आणि त्यांनाही नेमका हाच प्रश्न पडतो, की झग्यावर पट्टा नसतो तर ते अडकवायचे कोठे? काहीजणी पोटाला रुंद लवचिक पट्टा बांधतात. पण नुसत्या कापडात पिस्तूल ठेवणे धोक्याचे; घोडा चुकून दाबला जाऊ नये म्हणून त्यावर कडक आवरण लागते. आणि पर्समध्ये ते ठेवू नये असे जाणकार सांगतात, कारण पर्स हिसकावली जाते, नाहीतर घरातले मूल ती उघडते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय पिस्तूल ठेवता येत नाही, आणि मला तशी हौसही नाही. पण ऐकून नवल वाटले. वस्तू निराळी, देश निराळा, तरी बाईची अडचण तीच आणि कसोटीही तीच: हलू नये, दिसू नये, टोचू नये.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवा. लपवायची वस्तू आणि लागायची वस्तू एका जागी ठेवू नये. मोठी रक्कम व सोन्याचा जिन्नस आत. तिकिटाचे पैसे, मोबाईल आणि दम्याची औषधे बाहेर, हाताशी. मिरचीचा फवारा बाळगणाऱ्या मुलींनी तोही हाताशीच ठेवावा. निऱ्यांत अडकलेला फवारा काय कामाचा? संकटात ११२ नंबर फिरवायला मोबाईलही चटकन हाती यावा लागतो. आतला खिसा गर्दीत उघडू नये, आणि पुन्हा पुन्हा चाचपूनही पाहू नये. आपला हात जेथे जातो तेथेच चोराची नजर जाते.

आमच्या जाऊबाईंनी असा खिसा शिवल्याला आता तीन वर्षे झाली. बचत गटाची रक्कम बँकेत भरायला गटाने त्यांनाच नेमले आहे, आणि घरातली फीही त्याच भरून येतात.

मापाचा कागद मी कापून आणला आहे. येत्या बुधवारी शिवणाच्या वर्गाला ज्यांना शिवायचा असेल त्यांनी जुन्या सुती कापडाचा तुकडा, पट्टीसाठी कमरेला पुरेल असे कापड आणि एक टिचबटण घेऊन यावे.