अ‍ॅक्टिंग कुठं केली बे तिनं?



“आर्चीनं अ‍ॅक्टिंग कुठं केली बे? ती हायच तशी की!”

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी पडद्यावर आला, तेव्हापासून हे वाक्य आपल्या सोलापूर जिल्ह्यात बोललं जातंय. पार्क चौकात, सात रस्त्यावर, करमाळ्याच्या एसटी स्टँडवर, अकलूजमध्ये तर घराघरांत. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. अकलूजची पोरगी पडद्यावर आपल्यासारखी वावरली, आपल्यासारखी बोलली, याचा त्याला अभिमान असतो. पण त्या अभिमानाच्या भरात तो तिची कमाईच काढून घेतो. सिनेमावर इतका जीव असलेल्या आपल्या गावात हा निकाल मला मान्य नाही आणि आज मला मिळालेल्या वेळात मी त्याच्या विरुद्ध बाजू मांडणार आहे.

आधी आपल्या प्रेक्षकाविषयी थोडं सांगतो. सोलापूरचा माणूस चार भाषांत सिनेमा बघतो. पूर्वभागात, कन्ना चौक, अशोक चौक या बाजूला विणकरांच्या घरी तेलुगू. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत कन्नड. मराठी आणि हिंदी-उर्दू तर सगळीकडंच. त्यामुळं इथले वाद इतर गावांपेक्षा जरा वेगळे होतात. ‘पुष्पा’चंच बघा. २०२१च्या डिसेंबरात तो आला आणि पुढं त्यासाठी अल्लू अर्जुनला उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेलुगू नटाला हा पुरस्कार पहिल्यांदाच मिळत होता. आता आपल्याकडं एका मित्रानं तो तेलुगूत बघितलेला असतो, दुसऱ्यानं हिंदीत. हिंदीत आवाज आहे आपल्या श्रेयस तळपदेचा. पहिला म्हणतो, चित्तूरकडची ती बोली गेली की निम्मा पुष्पा गेला. दुसरा म्हणतो, खांदा तर तोच आहे, चाल तीच आहे, नजर तीच आहे, मग गेलं काय? मी अशा वादात तास घालवलेले आहेत आणि मला वाटतं, पहिल्याचं पारडं जड आहे. तळपदेंचं काम उत्तम आहे, पण ती एक वेगळी, दुसरीच भूमिका झाली. ‘कांतारा’तली किनाऱ्याकडची कन्नड अक्कलकोटच्या कन्नड माणसालाही परकी वाटते, तरी तो ऋषभ शेट्टीच्या अंगात आलेला देव बघून थक्क होतो. म्हणजे आपल्या प्रेक्षकाला ठाऊक आहे की देह आणि वाणी या दोन गोष्टी आहेत, त्या नटाला जोडाव्या लागतात, आणि जोड कुठं लागली, कुठं सुटली, हे त्याचा कान बरोबर सांगतो.

असा तयार कान असलेला माणूस आपल्याच मुलीच्या बाबतीत ‘ती हायच तशी’ म्हणून मोकळा होतो, याचं मला वाईट वाटतं.

आपली बोली पडद्यावर यायला वेळ किती लागला, तेही आठवू या. सोलापूरच्या माणसावर फार पूर्वी मोठा सिनेमा निघाला होता. व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’, साल १९४६. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली ते तिथंच गेले. शांतारामांनी स्वतः कोटणीस उभे केले, जयश्रीबाईंनी त्यांची चिनी पत्नी. सिनेमा थोर आहे. पण त्यातले सोलापूरचे डॉक्टर हिंदुस्तानी बोलतात, आणि त्या काळी दुसरं काही शक्यही नव्हतं. त्यानंतर बरोबर ७० वर्षांनी या जिल्ह्यातली एक मुलगी पडद्यावर उभी राहून, आवाज जराही न दबवता, आपल्या बोलीत सगळ्या कॉलेजला दमात घेते. तोपर्यंत मराठी सिनेमात ही बोली बहुतेक वेळा नोकराच्या, नाहीतर विनोदी पात्राच्या तोंडी असायची. नायिका ती बोलत नसे.

आता मूळ मुद्द्याकडं येतो. बोली आपली असली की अभिनय करावा लागत नाही, असं समजणाऱ्यानं एक करून बघावं. घरात रोज जे वाक्य आपण बोलतो, ते दिवे लावून, शंभर माणसं भोवती उभी असताना, ठरलेल्या जागी पाय ठेवून, दहादा म्हणून बघावं. दहाव्यांदाही ते पहिल्यांदाच सुचल्यासारखं यावं लागतं. शिवाय सिनेमा क्रमानं चित्रित होत नाही. शेवटाकडचं दृश्य आधी होतं, मधलं नंतर. कुठल्या दिवशी आपण कथेत कुठं आहोत, किती रडून झालंय, किती रडायचं राहिलंय, याचा हिशेब नटाला स्वतःच्या अंगात ठेवावा लागतो. आर्चीचं काम करणारी रिंकू राजगुरू त्या वेळी शाळकरी वयाची होती. सिनेमा लागायच्या महिनाभर आधीच राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला होता. परीक्षक मंडळाला तिची बोली ओळखीची असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी काम बघितलं.

ते काम बघायचं तर ‘सैराट’चा उत्तरार्ध बघावा लागतो. इथं आपल्याकडं दोन तट आहेत. एका तटाला पूर्वार्ध प्रिय: बुलेट, ट्रॅक्टर, करमाळ्याची शहाण्णव पायऱ्यांची विहीर, अजय-अतुलची गाणी, थिएटरात नाचणारी पोरं. त्यांचं म्हणणं, मध्यंतरानंतर सिनेमा संथ होतो, हैदराबादच्या झोपडपट्टीत अडकून बसतो. दुसरा तट म्हणतो, खरा सिनेमा तिथंच सुरू होतो. मी दुसऱ्या तटाचा. पूर्वार्धातली स्लो मोशन मलाही जास्त वाटते, तीन तासांच्या जवळ जाणाऱ्या सिनेमात ती थोडी कमी चालली असती. उत्तरार्धातलं एकही मिनिट मात्र मी सोडायला तयार नाही.

पूर्वार्धातली आर्ची हनुवटी वर ठेवून चालते. ती बघते तेव्हा समोरचा नजर खाली करतो. तिचं बोलणं हुकूम देण्याच्या सवयीतलं आहे, कारण पाटलाच्या घरात तिनं तेवढंच ऐकलेलं आहे. मग हैदराबाद. कोंदट खोली, नाकाला सहन न होणारा वास, घशाखाली न उतरणारा घास. ज्या तोंडाला हुकमाची सवय, त्याला तिथं हुकूम द्यायला माणूस नाही आणि बोलायला भाषा नाही. बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागल्यावर ती एकेक शब्द करून तेलुगू शिकते. आपल्या पूर्वभागातल्या प्रेक्षकानं हे दृश्य आपल्या सगळ्यांपेक्षा बारकाईनं ऐकावं, अशी माझी विनंती आहे. नव्यानं भाषा शिकणारा माणूस शब्दाआधी क्षणभर थांबतो, मग बरोबर आलाय का म्हणून समोरच्याकडं बघतो. रिंकूनं ते थांबणं आणि ते बघणं दोन्ही नेमकं पकडलंय. आणि हळूहळू तिची चाल बदलते. खांदे उतरतात. पुढं मूल होतं, स्वतःच्या कमाईचा संसार उभा राहतो, तेव्हा हनुवटी पुन्हा वर येते, पण ती आता पाटलाच्या मुलीची राहिलेली नाही. ती कमावत्या बाईची आहे. माहेरची माणसं दारात आल्यावर त्यांच्यासाठी चहा टाकणारी आर्ची आठवा. चेहऱ्यावर आनंद मावत नाही आणि त्याच आनंदाच्या तळाशी एक भीती आहे, जी ती स्वतःपाशीसुद्धा कबूल करत नाही. ‘हायच तशी’ म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे: यातली नेमकी कुठली आर्ची म्हणजे रिंकू?

तरी कुणाला पटत नसेल, तर त्यानं त्याच सिनेमातल्या प्रिन्सकडं बघावं. आर्चीचा भाऊ, वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारणारा, सत्तेचा माज अंगात मुरलेला मुलगा. हे काम सूरज पवारनं केलंय. सूरज म्हणजे ‘सैराट’चेच दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’तला पिस्तुल्या, शाळेची ओढ असलेला गरिबाघरचा पोर. सूरज म्हणजे त्यांच्याच ‘फँड्री’तला पिऱ्या, नायक जब्याचा जिवाभावाचा दोस्त. गावकुसाबाहेरचा पिस्तुल्या आणि त्याच गावाचा मालक असल्यागत वागणारा प्रिन्स एकाच मुलानं उभा केलाय, आणि प्रिन्स पडद्यावर आला की आपल्या पोटात गोळा येतो. हा मुलगा ‘हायच तसा’ म्हणायचं, तर कसा? माझ्या मते ‘सैराट’मधलं सगळ्यात कमी बोललं गेलेलं आणि सगळ्यात अवघड काम त्याचं आहे. वादांत त्याचं नाव निघत नाही, ही आपली चूक आहे.

‘फँड्री’चा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी तो महाराष्ट्रात लागला. जब्याचं काम करणारा सोमनाथ अवघडे आपल्या करमाळा तालुक्यातल्या केमचा. त्याच्या बापाच्या, कचरूच्या भूमिकेत किशोर कदम, रंगभूमीवर आणि सिनेमात मुरलेले नट, शिवाय कवी. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकरामागं धावणारं अख्खं घर जागच्या जागी थांबतं, ते दृश्य नुसतं अभिनयासाठी बघा. एकाच चौकटीत शिकलेला नट आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्यापुढं आलेला मुलगा, आणि दोघांतला फरक तुम्हाला सापडत नाही. कदमांनी आपलं सगळं शिक्षण लपवलंय, आणि सोमनाथनं शिक्षणाची वाट न बघता शरमेनं आकसणारं अंग नेमकं दाखवलंय. त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो त्यासाठी.

आपल्याकडं अभिनय कशाला म्हणायचा, याचं माप अतुल कुलकर्णींनी घालून दिलंय, असं मला वाटतं. आणि ते योग्यच आहे. अतुल इथं वाढले, ‘नाट्य आराधना’ या इथल्या हौशी संस्थेत राज्य नाट्य स्पर्धा गाजवत घडले, मग दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. ‘हे राम’ आणि ‘चांदनी बार’साठी दोन राष्ट्रीय पुरस्कार त्यांनी आणले. २०१०च्या १ जानेवारीला आलेल्या ‘नटरंग’मधल्या गुणा या भूमिकेसाठी त्यांनी आधी पैलवानाचा देह कमावला आणि नंतर नाच्या होण्यासाठी तो उतरवला. तेव्हा सगळं सोलापूर एका आवाजात म्हणालं, याला म्हणतात अभिनय! का म्हणालं? बदल डोळ्यांना दिसत होता. आर्चीचा बदल वजनकाट्यावर दिसत नाही, तो तिच्या थांबण्यात आणि बघण्यात आहे. मेहनतीच्या वाटा दोघांच्या वेगळ्या, पण अतुलना शाबासकी देताना जो मान आपण देतो, तोच या पोरांनाही द्यायला हवा.

काही जण दुसरी वाट काढतात. म्हणतात, सगळं कसब नागराजचं, जेऊरच्या त्या माणसानं दगडालाही बोलतं केलं असतं. दिग्दर्शकाचं श्रेय मोठं आहेच. आपल्या मुलखातली माणसं आपल्या सिनेमात हवीत, हा त्यांचा हट्ट नसता तर यातलं कुणीच आपल्याला दिसलं नसतं. पण दिग्दर्शक दार उघडून देतो, आत जाऊन उभं नटालाच राहावं लागतं. ‘सैराट’च्या कन्नड अवतारात, २०१७च्या ‘मनसु मल्लिगे’त, हीच भूमिका रिंकूनं पुन्हा केली. तिथं नागराज दिग्दर्शक नव्हते, बोली तिची नव्हती, मुलूख तिचा नव्हता. पुढच्या वर्षी हिंदी अवतार ‘धडक’ आला, करमाळ्याचं उदयपूर झालं आणि हैदराबादचं कोलकाता. तेव्हा त्यातल्या नायिकेवर, जान्हवी कपूरवर आपल्याकडं फार तोंडसुख घेतलं गेलं: ‘ती तशी नाही, म्हणून जमलं नाही.’ मापात तीच चूक झाली, उलट्या बाजूनं. कथेतून जातीची धार काढून घेतली, तर नायिकेनं उभं कशावर राहायचं? दोष पटकथेला द्यावा.

आणि ‘सैराट’चा नायक परश्या? ते काम करणाऱ्या आकाश ठोसरबद्दलही तेच बोललं गेलं: साधा, लाजरा पोरगा, हायच तसा. मग मार्च २०२२ मध्ये ‘झुंड’ आला. समोर साक्षात अमिताभ बच्चन, गोष्ट नागपूरच्या झोपडपट्टीतल्या फुटबॉलची. आकाश त्यात संभ्या झालाय, गल्लीतला दादा, खुनशी नजरेचा, ज्याला बघून परश्याची आठवणही येऊ नये. माझ्या ओळखीच्या कित्येकांनी तर त्याला पहिल्या दृश्यात ओळखलंच नाही. रिंकू त्याच सिनेमात मोनिका आहे, ओळखीच्या कागदांसाठी बापाबरोबर कचेऱ्या झिजवणारी, जवळपास न बोलणारी मुलगी. ज्या मुलीचं बोलणं महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं, तिनं इथं बोलणंच बाजूला ठेवलंय.

या दोघांना नागपूरकडचा सूर कितपत जमला, हे नागपूरच्या श्रोत्यांनी सांगावं, तो अधिकार त्यांच्या कानाचा आहे. आर्चीच्या बोलीबद्दल मात्र शेवटचा शब्द आपला असणार. म्हणून पुढच्या वेळी चहाच्या गाड्यावर हा विषय निघेल तेव्हा बुलेटपासून सुरुवात करू नका. बाटल्यांच्या कारखान्यापासून करा, आणि सूरज पवारचं नाव मध्ये नक्की घ्या.