भेट-कार्डाची मुदत

खानदेशांत पूर्वीं परगांवीं पैसा धाडावयाचा झाला म्हणजे पेढीवर जाऊन हुंडी घेत असत. पेढीवाला हुंडणावळ घेई. नाणें हिणकस किंवा परक्या टांकसाळीचें निघालें तर बट्टा कापी. गिऱ्हाइकाला तें रुचत असे असें नव्हे. परंतु त्या कपातीला नांव होतें, आणि नांव होतें म्हणूनच तिजवर घासाघीस करतां येत असे. आज पेढीच्या जागीं आगाऊ पैसे भरलेलें कार्ड आलें आहे. त्याचा खर्च मात्र तोंडानें कोणी सांगत नाहीं; तो मुदतींत आणि उरल्यासुरल्या शिलकेंत दडलेला असतो.

समजा, धुळ्याच्या एका कचेरींतून एक शिपाई सेवानिवृत्त झाला. निरोपसमारंभांत त्याला शाल, श्रीफळ आणि ५,००० रुपयांचें भेट-कार्ड मिळालें. काटकसरी गृहस्थ तो. त्यानें कार्ड शालीच्या घडींत जपून ठेवलें. चौदा महिन्यांनीं जळगांवीं भाचीचें लग्न निघालें. भांड्यांच्या दुकानांत त्यानें ताटांचा संच निवडला, कार्ड पुढें केलें, आणि दुकानदार म्हणाला, "बाबा, याची मुदत संपली आहे." सोबत व्याही मंडळी उभी होती. संच तेथेंच राहिला, आणि खिशांतल्या रोख पैशांत बसेल एवढा तांब्या घेऊन मामा मांडवांत गेला.

अशा वेळीं बहुतेकजण पैसे बुडाले असें समजून कार्ड फेकून देतात. खरी हानि होते ती येथें. रिझर्व्ह बँकेनें २७ ऑगस्ट २०२१ रोजीं काढलेल्या आदेशाप्रमाणें अशा कार्डाची मुदत निदान एक वर्षाची असावी लागते. मुदत संपण्यापूर्वींच्या ४५ दिवसांत धारकाला इशारा द्यावा लागतो. मुदत उलटल्यावरहि शिल्लक रक्कम तीन वर्षेंपर्यंत कंपनीला आपल्या नफ्याच्या खातीं घेतां येत नाहीं. धारकानें मागणी केली कीं ती त्याच्या बँकखात्यांत भरली पाहिजे. मग शिपायाला इशारा कां मिळाला नाहीं? कार्ड कचेरीनें घेतलें होतें. नोंदींत दूरध्वनीचा क्रमांक कारकुनाचा असेल, तर इशारा कारकुनालाच जाणार. भेट देणाऱ्यानें क्रमांक घेणाऱ्याचा लिहविला असता तर एवढा प्रसंग ओढवलाच नसता.

भेट-कार्डाला कमाल मर्यादा १०,००० रुपयांची. त्यांत पुन्हां भर घालतां येत नाहीं, आणि त्यांतून रोख रक्कमहि काढतां येत नाहीं. ४,८६० रुपयांची खरेदी झाली कीं १४० रुपये उरतात. त्यांची आठवण कोणाला राहते? शिवाय या पैशावर व्याज नाहीं. तेवढेच पैसे बचतखात्यांत असते तर चार आणे तरी वाढले असते.

एकाच दुकानाचें, त्याच दुकानांत चालणारें कार्ड असेल तर गोष्ट आणखी अवघड. तें रिझर्व्ह बँकेच्या वरील नियमांत येत नाहीं. तेथें दुकानदाराच्या छापील अटी वाचणें हाच उपाय, आणि तंटा झालाच तर जिल्हा ग्राहक आयोग. परदेशीं शिकावयास जाणाऱ्या मुलांच्या चलन-कार्डांत चलनबदलाची वेगळी कपात असते. ती आधींच विचारून घ्यावी.

अमेरिकेंत अशा कार्डांवर महिन्याची आकारणी, शिल्लक विचारण्याची आकारणी, कार्ड वापरलें नाहीं तर त्याचीहि आकारणी, असे नाना प्रकार झाले. तेव्हां १ एप्रिल २०१९ पासून तेथें मुख्य शुल्कांचा छोटा तक्ता ग्राहकाला आधींच दाखविणें कायद्यानें भाग पडलें. आपल्याकडेहि शुल्क, मुदत व अटी सोप्या भाषेंत, शक्यतों स्थानिक भाषेंतहि, सांगाव्यात असें तो २०२१ चा आदेश म्हणतो. धुळ्या-जळगांवच्या ग्राहकानें मराठी अटीपत्र मागितलें तर त्यांत संकोच तो कसला?

त्या शिपायाच्या नातवानें कार्डाच्या पाठीवरील बारीक अक्षरें वाचून पत्ता शोधला. अर्जांत कार्डाचा क्रमांक, मुदतीची तारीख व आजोबांचें बँकखातें लिहिलें. कार्डाची गुप्त संख्या मात्र लिहिली नाहीं, आणि ती कोणालाहि लिहूं नये. अर्जाची एक प्रत घरीं ठेविली. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आलें नाहीं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करतां येते, आणि तिला कांहीं शुल्क पडत नाहीं. भाचीचीं ताटें त्या पैशांची वाट पाहत दुकानांतच आहेत.