स्वस्त औषध म्हणजे उपकार नव्हे



गावातल्या बाईला कॅन्सर निघाला की डॉक्टर सांगतात, "परळला, टाटाला घेऊन जा." टाटा मेमोरियल हे १९४१ साली सुरू झालेलं रुग्णालय. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहण्याची सोय होऊ शकते. पण दागिने गहाण पडतात, जमीन विकावी लागते, ती औषधांपायी.

यावर टाटाने आणि इतर रुग्णालयांनी केलेला उपाय आपल्या ओळखीचाच आहे. दिवाळीचं तेल, डाळ, रवा बचत गटाने एकत्र घेतला की व्यापारी भाव उतरवतो ना? तसंच नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या २३ रुग्णालयांनी ४० औषधांची एकत्र मागणी नोंदवली. खर्चात तब्बल ८२ टक्के बचत झाली!

काही जण विचारतात, "एवढं स्वस्त, मग औषध हलकं तर नसेल? कंपनीचं नुकसान नाही का?" औषधाच्या पाकिटावर छापलेली किंमत म्हणजे ते बनवायचा खर्च नव्हे. कंपनीला एकगठ्ठा, खात्रीचं गिऱ्हाईक मिळतं, म्हणून ती दर कमी करते. दर्जा मात्र तपासूनच घ्यायचा. तिथे तडजोड नको.

म्हणून धर्मादाय आणि सरकारी रुग्णालयांची ही सवलत टिकली पाहिजे. आणि ती पेशंटपर्यंत पोचलीही पाहिजे. तेव्हा औषध घेताना पक्कं बिल मागा, छापील किंमत आणि घेतलेली किंमत ताडून बघा, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन सवलतीची चौकशी करा. विचारायला लाजू नका, बायांनो. तो आपला हक्क आहे.