परक्यांचे आल्बम आणि आपल्या पेट्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



अमेरिकेतल्या जुन्या आगगाड्या आणि त्यांतून हिंडलेल्या लोकांचे फोटो, यांच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे काहींच्या मनात आले असेल. पण आल्बम आपल्याही घरोघरी आहेत. आपला आल्बम उघडला की माया आड येते आणि डोळे पाणावतात. परक्याचा आल्बम मात्र डोळे कोरडे ठेवून पाहता येतो. आल्बम वाचावा कसा, हे त्यावरून लवकर कळते.

१० मे १८६९ रोजी यूटा प्रांतात प्रॉमॉन्टरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ एकमेकांना जोडले गेले. ज्या प्रवासाला बैलांच्या गाड्यांनी चार-सहा महिने लागत, तो आठवड्यावर आला. साहजिकच हौशी प्रवासी निघाले. १८७२ साली यलोस्टोनचे राष्ट्रीय उद्यान झाले, १८८३ साली नॉर्दर्न पॅसिफिकचा मार्ग पुरा झाला, आणि उकळत्या पाण्याचे कारंजे पाहणे ही श्रीमंतांची यात्राच झाली.

पहिल्या प्रवाशांना स्वतः फोटो काढणे शक्य नव्हते. काचेची पट्टी ओली असतानाच तिच्यावरचे काम उरकावे लागे. अंधारी खोली आणि रसायनांच्या बाटल्या बरोबर हव्यात. म्हणून लोक धंदेवाईकांकडून तयार चित्रे विकत घेत आणि घरी येऊन वहीत चिकटवीत. त्या कागदाला अंड्यातल्या पांढऱ्याचा लेप असे! नॉर्दर्न पॅसिफिकचे छायाचित्रकार हेन्स यांनी तर १८८५ पासून आगगाडीच्या एका डब्यातच स्टुडिओ थाटला होता. तो डबा गावोगावी नेऊन ते लोकांचे फोटो काढीत.

१८८८ साली कोडॅकचा कॅमेरा आला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची फिल्म. ती संपली की कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्याकडे पाठवायचा. १० डॉलरांत फोटो तयार होऊन येत आणि नवी फिल्मही भरून मिळे. १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी निघाला. आता बायकांच्याही हाती कॅमेरा आला आणि आल्बमचे रूप पालटले. नुसत्या डोंगर-धबधब्यांच्या जागी खिडकीत बसलेली बहीण, फलाटावरची ट्रंक, खेचरावर बसून घाबरलेले यजमान दिसू लागले.

ग्रँड कॅन्यनच्या काठापर्यंत गाडी १९०१ साली पोचली. तिथे कोल्ब नावाचे दोघे भाऊ खेचरांवरून दरीत उतरणाऱ्या प्रवाशांचे फोटो काढीत. वर पाण्याची टंचाई. म्हणून फोटो धुण्यासाठी सुमारे साडेचार मैल खाली झऱ्यापर्यंत धावत जायचे आणि प्रवासी परतण्याआधी चित्रे घेऊन चढून यायचे! आल्बमात दिसतात ते ऐटीत बसलेले प्रवासी. धावणारा दिसत नाही.

भगिनींनो, माझा मुद्दा हाच आहे. प्रॉमॉन्टरीच्या प्रसिद्ध फोटोत दोन इंजिने समोरासमोर आहेत, माणसांची गर्दी आहे, हस्तांदोलन आहे. पण सिएरा नेवाडाचे कातळ फोडून रस्ता करणारे हजारो चिनी मजूर त्यात जवळजवळ नाहीतच. पुलमनच्या डब्यांत अंथरुणे घालणारे, बूट पुसणारे नोकर बहुतेक कृष्णवर्णी. मालकाचे नाव जॉर्ज, म्हणून प्रवासी त्या सगळ्यांनाच सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारीत! त्यांनी १९२५ साली संघटना उभारली आणि १९३७ साली कंपनीला करार करायला लावला. हॉपी लोकांच्या पवित्र विधींपुढे कॅमेऱ्यांची इतकी गर्दी होऊ लागली की पुढे त्यांनी विधींचे फोटो काढण्यास मनाईच केली. फोटोत असणे आणि आपले नाव असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

याच काळात आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी १८८६ साली त्या गेल्या आणि १८८८ अखेरपर्यंत तो देश हिंडल्या. १८८९ साली त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. हौशी प्रवासी धबधबे पाहत होते. रमाबाईंनी तिथल्या बायकांच्या शाळा, संस्था आणि त्यांची कामे पाहिली. एकाच मुलखात कोण काय पाहील, हे पाहणाऱ्याच्या मनावर असते.

आता आपल्या पेट्यांकडे वळू. घरोघरी पंढरपूरचे, काशीचे, माथेरानचे फोटो आहेत. मागची बाजू पाहा. बहुधा कोरी असते. ज्यांना नावे ठाऊक आहेत, त्या सासूबाई आणि आत्याबाई आज आपल्यात आहेत. पण दर वर्षी एखादी कमी होते. तेव्हा या महिन्यात एक दुपार काढा. त्यांना शेजारी बसवा आणि मऊ पेन्सिलीने प्रत्येक फोटोमागे नाव, गाव, साल लिहा. 'अमक्यांची पत्नी' एवढेच नको, तिचे स्वतःचे नाव लिहा. कडेला मूल घेऊन उभी असलेली बाई कोण, तेही विचारा. आणि सगळे फोटोत असताना घरी कोण राहिली होती, स्वयंपाक कोणी केला होता, हे आठवले तर तेही लिहा.

तेवढे केलेत तर आजचे माझे बोलणे कारणी लागले, असे मी समजेन.